चाळीस संगणक, चाळीस नावं: आपोआप विंडोज टाकताना यंत्राचं नाव ठरतं कसं?

कॉलेजच्या लॅबमध्ये चाळीस संगणक होते आणि सुट्टी संपायच्या आत सगळ्यांवर नव्यानं विंडोज टाकायचं होतं. पहिल्या यंत्रावर आम्ही सगळं नीट बसवलं: विंडोज, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, प्रॅक्टिकलला लागणारं सॉफ्टवेअर. मग त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून उरलेल्या एकोणचाळीस यंत्रांवर उतरवली. संध्याकाळी सगळी एकदम चालू केली, तर जिकडेतिकडे एकच तक्रार: याच नावाचं दुसरं यंत्र नेटवर्कवर आधीच आहे. ते असणारच होतं, कारण डिस्कवरच्या बाकी सगळ्या गोष्टींबरोबर पहिल्या यंत्राचं नावही प्रतीत उतरलं होतं.

मग एकेका खुर्चीवर बसायचं, नाव बदलायचं, यंत्र रिस्टार्ट करायचं आणि पुढच्या खुर्चीवर सरकायचं. एका यंत्राला पाच मिनिटं धरली तरी सव्वातीन तास गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की अठरा नंबर दोन यंत्रांना दिला गेलाय आणि सत्तावीस कुणालाच नाही. विंडोज टाकायचं काम यंत्रांनी स्वतः केलं होतं, आणि नाव द्यायचं तेवढं माणसांवर सोडलं होतं. चूक तिथेच झाली.

एक-दोन संगणक असतील तर हा प्रश्न येतच नाही. पण बँकेची शाखा, जिल्हा रुग्णालय, साखर कारखान्याचं ऑफिस, शाळेची लॅब अशा ठिकाणी पन्नास-शंभर यंत्रं एका वेळी उभी करायची असतात. तिथे विंडोज हातानं टाकत नाहीत. तयार इमेज, म्हणजे सगळं बसवलेल्या डिस्कची प्रत, आणि सूचनांची यादी सर्व्हरवर ठेवतात, यंत्र नेटवर्कवरून सुरू होतं आणि पुढचं सगळं आपोआप होतं. या पद्धतीत नाव कुठून येतं आणि कोणत्या क्षणी चिकटतं, हे मला त्या लॅबनंतर सावकाश शिकावं लागलं. तेच इथे मांडतो.

नाव चिकटतं तो क्षण

यंत्र नेटवर्कवरून सुरू होतं तेव्हा आधी विंडोज पीई नावाची एक छोटी, तात्पुरती विंडोज चालू होते. डिस्क साफ करायची, तिचे भाग पाडायचे आणि इमेज उतरवायची, एवढंच तिचं काम. एवढ्या वेळापुरतंही यंत्राला काहीतरी नाव लागतं, म्हणून ते स्वतःच एक घेतं: ‘मिनइंट’, मग डॅश आणि पुढे सात कशीही आलेली अक्षरं. दवाखान्यात नवजात बाळाच्या मनगटाला आईच्या नावाची पट्टी बांधतात ना, तसं. ओळख पटावी म्हणून ते असतं, घरी न्यायचं नाव वेगळंच.

इमेज उतरली की यंत्र डिस्कवरून सुरू होतं. ती इमेज नीट तयार केलेली असेल, म्हणजे प्रत काढण्याआधी सिसप्रेप हा विंडोजचा प्रोग्रॅम चालवून मूळ यंत्राची ओळख पुसलेली असेल, तर विंडोजला कळतं की आता मला या नव्या यंत्रापुरतं घडायचं आहे. या टप्प्याला स्पेशलाइज म्हणतात. आमच्या लॅबमध्ये सिसप्रेपच चालवला नव्हता, त्यामुळे हा टप्पा कधी आलाच नाही.

स्पेशलाइजच्या वेळी विंडोज एक फाइल वाचते. तिला आन्सर फाइल म्हणतात. इन्स्टॉलेशन करताना स्क्रीनवर जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं तिच्यात आधीच लिहून ठेवलेली असतात: भाषा कोणती, टाइम झोन कोणता, कोणत्या डोमेनला, म्हणजे संस्थेच्या सगळ्या यंत्रांची आणि खात्यांची एकत्र नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला, जोडायचं. फाइलचं नाव सहसा अनअटेंड डॉट एक्सएमएल. तिच्यात ‘कॉम्प्युटरनेम’ नावाची एक ओळ असते आणि तिथे जे लिहिलं असेल तेच यंत्राचं नाव होतं. त्या जागी नुसतं फुलीचं चिन्ह, म्हणजे स्टार ठेवला तर विंडोज स्वतः एक यादृच्छिक नाव बनवते.

आता खरी अडचण. आन्सर फाइल एक आणि यंत्रं चाळीस. फाइलीत ठरावीक नाव लिहिलं तर चाळीस सारखी नावं होतात, आणि स्टार ठेवला तर चाळीस वेगळी पण निरर्थक नावं होतात. म्हणून एक मधली पायरी लागते, आणि सगळं कौशल्य या पायरीतच आहे. इमेज उतरून झाली आहे, यंत्र अजून तात्पुरत्या विंडोजमध्येच आहे, पहिला रिस्टार्ट व्हायचा आहे: या फटीत एक छोटा प्रोग्रॅम यंत्राकडेच विचारपूस करतो, मिळालेल्या माहितीवरून नाव बनवतो आणि डिस्कवर ठेवलेल्या आन्सर फाइलीतली ती ओळ खोडून हे नाव लिहितो. मग रिस्टार्ट. विंडोजच्या दृष्टीनं ते नाव जणू पहिल्यापासून तिथेच होतं.

मायक्रोसॉफ्टच्या डिप्लॉयमेंट टूलकिट आणि कॉन्फिगरेशन मॅनेजर या विंडोज आपोआप टाकायच्या साधनांमध्ये ही मधली पायरी तयारच असते. आपण फक्त ‘ओएसडीकॉम्प्युटरनेम’ या व्हेरिएबलमध्ये नाव भरायचं, पुढे ते योग्य जागी लिहिलं जातं. भरायला विसरलात तर? कॉन्फिगरेशन मॅनेजरला ते यंत्र आधीपासून ठाऊक नसेल, तर दवाखान्यातली पट्टीच कायमची होते. डोमेनच्या यादीत ‘मिनइंट’नं सुरू होणारी नावं दिसली की समजावं, हे व्हेरिएबल रिकामं राहिलं होतं.

नाव नंतर बदलता येत नाही का? येतं. पण त्याच स्पेशलाइज टप्प्यात यंत्र डोमेनला जोडलं जातं, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती वहीत त्या नावानं त्याचं खातं उघडतं. पुढे अँटिव्हायरसचा कन्सोल, मालमत्तेची यादी, प्रमाणपत्रं, सगळे त्याला त्याच नावानं ओळखू लागतात. एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस बसवला असेल तर तो जुनं नाव स्वतःच्या तक्त्यात धरून ठेवतो, ते वेगळा आदेश देऊन बदलावं लागतं. म्हणून नाव आधी, डोमेन नंतर आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी, हा क्रम मी मोडत नाही.

पंधरा अक्षरांची गोष्ट

तुमच्याकडे विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट उघडा आणि यंत्राचं नाव बघा. कुणी बदललं नसेल तर ते बहुधा ‘डेस्कटॉप’ किंवा ‘लॅपटॉप’नं सुरू होत असेल. रोमन अक्षरं मोजा. डेस्कटॉपची सात, डॅश एक, पुढची यादृच्छिक सात: एकूण १५. लॅपटॉपची सहा, डॅश एक, पुढची आठ: पुन्हा १५. विंडोज सर्व्हर ‘विन’ची तीन अक्षरं घेतो, मग डॅश आणि पुढे अकरा. तेही १५.

या आकड्याचं मूळ १९८३ सालात आहे. आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी सायटेक नावाच्या कंपनीनं नेटबायोस, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांनी एकमेकांना नावानं ओळखायची पद्धत, तयार केलं. त्यात प्रत्येक नावाला १६ बाइट्सची जागा होती. मायक्रोसॉफ्टनं ते वापरताना सोळावी जागा एका खुणेसाठी राखून ठेवली: हे नाव साध्या यंत्राचं की फाइली वाटणाऱ्या सर्व्हरचं, हे त्या खुणेवरून कळतं. माणसांच्या वाट्याला १५ उरल्या. इंटरनेटच्या डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून यंत्राचा पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत, नावाच्या एका तुकड्याला ६३ अक्षरं चालतात, तरी विंडोजच्या जगात चाळीस वर्षांपूर्वीची ही मर्यादा अजून जिवंत आहे.

ती विसरली की काय होतं? समजा पुण्याच्या ऑफिसातल्या हिशेब विभागाच्या यंत्रांना कुणी ‘पुणे-अकाउंट्स-०१’, ‘पुणे-अकाउंट्स-०२’ अशी नावं द्यायची ठरवली. रोमन लिपीत पुण्याची चार, डॅश, अकाउंट्सची आठ, पुन्हा डॅश आणि दोन आकडे. सोळा झाली. नेटबायोससाठी शेवटचं अक्षर छाटलं जातं आणि एक ते नऊ ही सगळी यंत्रं ‘पुणे-अकाउंट्स-०’ होऊन बसतात. नाव ठेवणाऱ्यानं वेगळेपणा नेमका जिथे ठेवला, तिथेच कात्री लागते. आन्सर फाइलीत असं लांब नाव गेलं तर गोष्ट इथवरही येत नाही. स्पेशलाइज टप्प्यात विंडोज फाइल वाचायला नकार देते आणि इन्स्टॉलेशन तिथेच अडकतं.

अक्षरांचीही बंधनं आहेत. रोमन अक्षरं, आकडे आणि डॅश, एवढ्यावर थांबावं. स्पेस नको, टिंब नको आणि नुसत्या आकड्यांचं नाव नको. देवनागरीत नाव ठेवायचा मोह मला झाला होता, पण डीएनएसची मूळ घडण रोमन अक्षरांची आहे. २०१४ पासून वापरात असलेलं ‘डॉट भारत’ हे डोमेनसुद्धा पडद्याआड रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलूनच चालतं. ती सोय वेब पत्त्यासाठी आहे, ऑफिसातल्या यंत्राच्या नावासाठी तिच्या भरवशावर राहू नये.

यंत्राला काय विचारायचं

नक्षत्र आणि चरण पाहून बाळाच्या नावरस नावाचं अक्षर निघतं, ते कुणी निवडत नाही. जन्माच्या तपशिलातूनच ते येतं. यंत्राच्या नावासाठी मला हीच रीत सगळ्यात भरवशाची वाटते: कुणी टाइप करायचं नाही, यंत्राच्या अंगभूत तपशिलातून नाव निघालं पाहिजे.

सगळ्यात सरळ तपशील म्हणजे कंपनीनं मदरबोर्डच्या चिपमध्ये लिहिलेला सिरियल नंबर. तात्पुरत्या विंडोजमधूनही तो वाचता येतो. डेलचा सर्व्हिस टॅग सात अक्षरांचा असतो, लेनोव्होचा सिरियल नंबर साधारण आठ आणि एचपीचा दहा. म्हणजे एचपीच्या नंबरापुढे स्वतःचं काही जोडायला डॅश धरून पाचच जागा उरतात. नंबर छाटायची वेळ आलीच तर तुमच्या यंत्रांचे नंबर आधी समोर मांडून बघा. एकाच खेपेत घेतलेल्या यंत्रांच्या नंबरांचा काही भाग सारखाच असतो, एचपीमध्ये तो सहसा डावीकडे असतो. सारखा भाग ठेवून वेगळा भाग कापला, तर पुण्याच्या हिशेब विभागाचीच गत होते. डिप्लॉयमेंट टूलकिटमध्ये ‘उजवीकडची सात अक्षरं घे’ असं एका ओळीत सांगता येतं.

पण आपल्याकडे लॅबमधली निम्मी यंत्रं असेंबल केलेली असतात, आणि इथे मला एक विलक्षण गोष्ट सापडली. अशा मदरबोर्डवर सिरियल नंबरच्या जागी कितीदा तरी एक इंग्रजी वाक्य असतं: ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ म्हणजे ही जागा संगणक बनवणाऱ्यानं भरायची आहे. बोर्ड बनवणाऱ्यानं ती मोकळी सोडली आणि असेंबल करणाऱ्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही. या वाक्यात स्पेस आहेत आणि टिंबंही आहेत, त्यामुळे ते नाव म्हणून अडायला हवं. पण सावध माणूस आपल्या प्रोग्रॅममध्ये ‘स्पेस आणि टिंबं काढून टाक’ अशी ओळ आधीच लिहितो. ती काढल्यावर उरणारी रोमन अक्षरं मोजलीत तर बरोबर १५ भरतात! एकही नियम न मोडता हे नाव सगळ्या तपासण्यांतून पार होतं, आणि लॅबमधलं प्रत्येक असेंबल केलेलं यंत्र तेच नाव घेऊन डोमेनच्या दारात उभं राहतं.

तेव्हा पुढे काय होतं हे समजून घ्यायला हवं, कारण लॅबमधल्या नुसत्या तक्रारीपेक्षा ते वाईट आहे. डोमेनमध्ये प्रत्येक यंत्राच्या खात्याला एक गुप्त पासवर्ड असतो. तो यंत्र आणि डोमेन यांच्यातच राहतो आणि साधारणपणे दर ३० दिवसांनी यंत्र तो आपणहून बदलतं. पहिलं यंत्र जोडलं गेलं आणि खातं उघडलं. त्याच नावाचं दुसरं आलं, तर डोमेनला वाटतं की तेच यंत्र पुन्हा आलंय. जोडणाऱ्याकडे तसा अधिकार असेल तर खातं त्याच्या हवाली होतं आणि पासवर्ड नवा होतो. पहिल्या यंत्राकडचा जुना पासवर्ड आता चालत नाही. सकाळी कुणी तिथे लॉगिन करायला बसलं की संदेश येतो: या यंत्राचा डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटला आहे. बिचाऱ्याला वाटतं आपलाच पासवर्ड चुकतोय.

म्हणून प्रोग्रॅमनं नंबर वाचल्यावर आधी तो खरा आहे का हे बघावं. हे वाक्य, ‘सिस्टिम सिरियल नंबर’, ‘डिफॉल्ट स्ट्रिंग’, नुसती शून्यं, रिकामी जागा, असं काही मिळालं तर नाव बनवूच नये. अशा यंत्रांना मी बोर्डावरच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता विचारतो. त्याचे बारा आकडे-अक्षरं असतात. पहिली सहा कार्ड बनवणाऱ्या कंपनीची, शेवटची सहा त्या कार्डाची. ती शेवटची सहा घ्यायची. इथेही एक मेख आहे: पातळ लॅपटॉपला नेटवर्कची खाच नसते, म्हणून यूएसबीचा अडॅप्टर लावून इमेज टाकतात, आणि तोच अडॅप्टर मग पुढच्या लॅपटॉपला. अशा वेळी मॅक पत्ता अडॅप्टरचा मिळतो, म्हणजे सगळ्या लॅपटॉपना सारखाच. आभासी यंत्रांची, म्हणजे दुसऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या यंत्रांची, तऱ्हा वेगळी. हायपर-व्हीचा नंबर डॅशसकट बत्तीस अक्षरांचा असतो आणि व्हीएमवेअरच्या नंबरात स्पेस असतात. तिथे नाव यादीवरूनच द्यावं.

आणि यातलं काहीच मिळालं नाही, तर प्रोग्रॅमनं थांबून माणसाला विचारावं. गुपचूप एखादं यादृच्छिक नाव देऊन पुढे जाणारी व्यवस्था मला मान्य नाही. थांबलेलं यंत्र त्याच दिवशी दिसतं, चुकीच्या नावाचं यंत्र सहा महिन्यांनी.

नावात काय घालायचं नाही

ऑफिसात ही चर्चा निघाली की प्रत्येकाला नावात काहीतरी घालायचं असतं: शहर, मजला, विभाग, वापरणाऱ्याचं आडनाव. हेतू चांगला असतो, नाव वाचलं की सगळं कळावं. पण शेतजमिनीचा सातबारा आठवा. जमिनीची ओळख गट नंबरानं होते. मालक कोण, पीक कोणतं, बोजा किती, हे त्या नंबरापुढच्या नोंदीत असतं. शेत विकलं गेलं की फेरफार होतो, नोंद बदलते, गट नंबर तोच राहतो. मालकाचं आडनाव गट नंबरातच घातलं असतं तर प्रत्येक खरेदीखतानंतर शिवाराचा नकाशा नव्यानं काढावा लागला असता.

यंत्राचंही तसंच. हिशेब विभागातला संगणक दोन वर्षांनी स्टोअरमध्ये जातो, बाई बदली होऊन दुसऱ्या शाखेत जातात, दुसरा मजला भाड्यानं दिला जातो. नाव मात्र डोमेनमध्ये, बॅकअपमध्ये आणि कुठल्या तरी जुन्या शॉर्टकटमध्ये रुतून बसलेलं असतं. मग स्टोअरमधल्या यंत्राला लोक ‘अकाउंट्स’ म्हणत राहतात आणि नव्या माणसाला नाव सरळ खोटं सांगतं. १९९० साली इंटरनेटच्या मंडळींनी आरएफसी ११७८ या क्रमांकानं संगणकाला नाव कसं ठेवावं यावर एक टिपण काढलं होतं. त्यातही स्वतःचं नाव देऊ नका, चालू प्रकल्पाचं नाव देऊ नका, असं सांगितलं आहे. यंत्र माणसांपेक्षा आणि प्रकल्पांपेक्षा जास्त काळ एका जागी टिकतं, हे तेव्हाच लोकांच्या लक्षात आलं होतं.

संस्थेची दोन-तीन अक्षरं, लॅपटॉप की डेस्कटॉप याचं एक अक्षर आणि सिरियल नंबर, एवढं पुरे. लॅपटॉप की डेस्कटॉप हेसुद्धा यंत्र स्वतः सांगतं, कारण कॅबिनेटचा प्रकार चिपमध्ये आकड्यानं लिहिलेला असतो: ३ म्हणजे डेस्कटॉप, ९ म्हणजे लॅपटॉप, १० म्हणजे नोटबुक. बाकी सगळं रजिस्टरमध्ये.

तेच यंत्र पुन्हा आलं तर

सिरियल नंबरावरून नाव देण्याचा सगळ्यात मोठा फायदा दुसऱ्या वेळी कळतो. डिस्क खराब झाली, विंडोज पुन्हा टाकलं, तर आपोआप तेच नाव निघतं आणि यंत्र आपल्याच जुन्या खात्यात परत येतं. त्याला मिळणारी धोरणं, प्रिंटर, परवानग्या सगळं जागच्या जागी असतं. मात्र मदरबोर्ड बदलला असेल, तर कंपनीच्या माणसाकडून जुना सिरियल नंबर नव्या बोर्डावर लिहून घ्यावा. तेवढं आठवणीनं मागा.

११ ऑक्टोबर २०२२ च्या विंडोज अपडेटनंतर या परतीच्या वाटेवर एक दार आलं आहे. आधी कुणीही अधिकार असलेला माणूस जुनं खातं पुन्हा वापरू शकत असे आणि त्यातून सुरक्षेचा धोका होता. आता ते खातं ज्या युजरनं उघडलं, साधारणपणे त्याच युजरनं यंत्र पुन्हा जोडावं लागतं. नाहीतर ०एक्सएएसी ही एरर येते आणि यंत्र डोमेनबाहेर राहतं. गेल्या वर्षी एका सहकाऱ्यानं उघडलेली खाती आणि यंदा दुसऱ्यानं टाकलेलं विंडोज, इथे लोक दिवस दिवस अडकतात आणि दोष नावाला देतात. उपाय असा की डोमेनला जोडण्यासाठी एकच वेगळं खातं ठेवायचं आणि सगळी यंत्रं कायम त्याच खात्यानं जोडायची. मार्च २०२३ पासून डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, विश्वासू खात्यांची यादी देण्याची सोयही आहे.

आता पुष्कळ ठिकाणी इमेज उतरवतच नाहीत. लॅपटॉप खोक्यातून काढला, वायफायला जोडला की मायक्रोसॉफ्टची ऑटोपायलट ही सेवा पुढचं बघते. तिथे नावाचा साचा लिहायचा असतो, त्यात सिरियल नंबर किंवा ठरावीक लांबीचे यादृच्छिक आकडे मागता येतात. मर्यादा तीच, १५. फक्त यंत्र क्लाउडबरोबर ऑफिसातल्या जुन्या डोमेनलाही जोडायचं असेल, तर तिथे फक्त सुरुवातीची अक्षरं आपल्या हातात राहतात आणि पुढची यादृच्छिक येतात.

लिनक्समध्ये किकस्टार्ट, प्रीसीड, क्लाउड-इनिट या फाइली आन्सर फाइलचंच काम करतात. डेबियन हे लिनक्स टाकणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवावं की नेटवर्कवरच्या डीएचसीपी सर्व्हरनं, म्हणजे यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरनं, यंत्राला नाव देऊ केलं, तर प्रीसीडमध्ये नेहमीच्या ओळीत लिहिलेलं नाव बाजूला पडतं आणि डीएचसीपीचं नाव लागतं. आपलंच नाव रेटायचं असेल तर त्यासाठी ‘नेटसीएफजी’ची वेगळी ओळ आहे.

लॅबमध्ये आता आम्ही प्रत्येक यंत्राच्या समोरच्या बाजूला नावाचं स्टिकर लावतो. इन्स्टॉलेशन संपलं की तोच प्रोग्रॅम नाव लेबल प्रिंटरला पाठवतो, शिपाई काका ते चिकटवतात आणि रजिस्टरमध्ये रांग व खुर्चीचा नंबर लिहितात. प्रॅक्टिकलच्या मधेच मुलीचा फोन येतो, “सर, खिडकीजवळचा पीसी लटकलाय.” मी म्हणतो, “स्टिकरवरची शेवटची चार अक्षरं वाच.” तिनं वाचून होईपर्यंत ते यंत्र माझ्या स्क्रीनवर उघडलेलं असतं.